आफची पाटी

अंकुशनगर, ११ जुलै २०२५

बदरोद्दीन,

फोन तू ब्लॉक केला. पोस्टमनला ब्लॉक करता येत न्हाई, म्हणून हे लिहून राह्यलो. फाडायचं असलं तर फाड, पण वाचून फाड.

तुझी पाटी अजून माझ्या गेटवर आहे. फेब्रुवारीत तू सामानाचा टेम्पो भरून जालन्याला निघाला, मस्तगडला, पोरीकडं राहायला. माझ्या दारासमोर टेम्पो थांबवला, खाली उतरला, अन् माझ्या नावाच्या पाटीखाली तारेनं ती बांधली. मी ओट्यावर उभा होतो, दाढीला साबण लावलेला. माझ्याकडं बघितलं न्हाई, बोलला न्हाई. उभी हयात साखर कारखान्याच्या एका मिल हाऊसमधी काढली आपण, मी बटणांच्या पॅनलवर अन् तू फिटर, अन् निरोप असा.

आता वर 'काकासाहेब तौर' अन् खाली तुझ्या हातची लाल वाकडी अक्षरं, 'आफ'. गॅसवाला टाकी घेऊन परत गेला. एक माणूस घर विकायचं का म्हणून विचारून गेला. तुळजा रोज भांडते. म्हणते, काढा ती अवदसा दारातली. मी म्हणतो, ज्यानं लावली त्यानंच काढायची. ती म्हणते, हा काय कारखाना आहे का. तिचंही बराबर आहे, पण मला हात लावता येत न्हाई. सवयच तशी लागली.

नियम तुझाच होता. ऊस पिळायच्या रोलरमधी उतरायच्या आधी तू ती पाटी माझ्या बटणावर अडकवायचा. ती लटकलेली आहे तवर बटणाला हात लावायचा न्हाई, मंग इंजिनिअर येवो का चेअरमन. काम झालं की तू बाहेर यायचा, स्वतःच्या हातानं पाटी काढायचा अन् ओरडायचा, "बाहर." ते ऐकल्याशिवाय मी मिल चालू केली न्हाई कधी.

तुझ्या साडूच्या घरच्या लग्नाला तू पळाला अन् पाटी बटणावरच विसरला, आठवतं का? उसाच्या गाड्या पार रस्त्यापर्यंत तटल्या. सगळे म्हणले, अरे तो मांडवात बसून बिर्याणी खाऊन राह्यला, दाब बटण. मी दाबलं न्हाई. जीप पाठवून तुला आणलं. तू नव्या कोऱ्या कुर्त्यात आला, हाताला बिर्याणीचा वास, पाटी काढली, अन् सकाळपासून बाहेरच होता तरी नेमानं ओरडला, "बाहर." अख्खं मिल हाऊस हसून हसून लोळलं. मी हसलो न्हाई. समज आत असताच तर, हा एकच इचार डोक्यात होता. हे तुला कधी सांगितलं न्हाई.

पाटी रंगवली तेव्हा मी म्हणलो, अरे आफ न्हाई रे, ऑफ, वर चंद्र काढ. तू म्हणला, "चांद लगाने से मशीन ज्यादा बंद होती क्या?" ते मी अजून लोकांना सांगतो.

तर पाटी तुझी आहे. येऊन काढ. मी बाकी काही मागत न्हाई.

तुझा,
काकासाहेब


अंकुशनगर, १९ ऑगस्ट

बदरोद्दीन,

उत्तर न्हाई आलं. ठीक आहे. मागच्या पत्रात मी लग्न, बिर्याणी असलं सगळं लिहिलं अन् जे लिहायचं ते टाळलं. तुझ्या ते ध्यानात आलंच असंल.

जानेवारीतल्या त्या फोनचं लिहितो.

मिल फुल लोडवर होती. कानात कापसाचे बोळे, वरून पट्ट्यांचा खडखडाट. तुझा फोन आला. तू म्हणला, "मेहरुन्निसा आफ हो गई." मला ऐकू आलं ते एवढंच, मेहरुन्निसा आफ.

आता तूच सांग, मी काय समजायचं होतं? मेहरुन्निसाभाभी दवाखान्यात नर्स. नाईटच्या पाळ्या संपल्या की तिला ऑफ मिळायचा. ऑफच्या दिवशी ती खिचडी अन् चिंचेचा खट्टा करायची, अन् तुझा फोन यायचा, "मेहरुन्निसा आज आफ है, आजाव." इतकी वर्षं तो शब्द कानावर पडला की मला भूक लागायची. दुसरा अर्थच न्हाई त्याला माझ्यापाशी.

मी काय बोललो ते तुला पाठ आहे. मलाही पाठ आहे. "बरं झालं. आराम करू दे तिला. संध्याकाळी येतो जेवायला."

अन् आल्तो मी, बदरोद्दीन. तुळजानं भाभीसाठी लोणच्याची बरणी दिल्ती ती घेऊन. दाराला कुलूप. म्हणलो, गेले असतील अंबडला बाजाराला. बरणी पायरीवर ठेवली अन् घरी येऊन जेवलो. त्या वेळी मस्तगडला तिच्या माहेरी भाभीला मिट्टी देऊन झाल्ती. मला दुसऱ्या दिवशी कळलं, कारखान्याच्या गेटवर, चहा पिता पिता. कपातला चहा कुणाच्या अंगावर सांडला तेही आठवत न्हाई.

तिसऱ्या दिवशी, जियारतला, आम्ही दोघं आलो. तुझ्या पोरीनं, फरहानानं दार उघडलं. तू आतून म्हणला, "उसको बोलो, बरं झालं." अन् दार लागलं. तुळजा मला रस्ताभर विचारत होती, असं कामून म्हणले भाऊजी? घरी आल्यावर सांगितलं. त्या दिवशी तिनं चूल पेटवली न्हाई.

राग मलाही आला, खोटं कशाला बोलू. तू तरी कामून तसं म्हणला? इंतकाल म्हणायचं. गुजर गई म्हणायचं. तुमच्या जबानीत चांगले शब्द पडलेत, अन् तू उचलला तो स्विचवरचा.

मंग एक दिवस मला माझा भाऊ भारत आठवला. तो गेला तेव्हा मी पाव्हण्यांना फोन लावून काय सांगितलं? भारत ऑफ झाला. वारला म्हणायला जीभच उचलंना. ऑफ म्हणलं की कसं, बटण आहे, कुणी तरी परत दाबील, असं वाटतं. दवाखान्यातल्या सिस्टरनं तुला तोच शब्द दिला असंल, अन् तू तो तसाच उचलून माझ्यापर्यंत आणला. सगळ्यात आधी माझ्यापर्यंत. ते मी आत्ता कुठं समजलो.

काकासाहेब


अंकुशनगर, ३ ऑक्टोबर

बदरोद्दीन,

आज भांडायला लिहीत न्हाई. आज एक नवल सांगायचंय, अन् असलं काही कळलं की मी तुलाच सांगत आल्तो. सवय मोडंना.

आमची पायल, पोराची पोरगी, आता आठवीत आहे. शाळेतून आली अन् म्हणली, आजोबा, आज दोन तास ऑफ होते, सर आलेच न्हाईत. तिची आई आतून म्हणली, माझ्याशी बोलू नको, माझा मूड ऑफ आहे. मूड कामून ऑफ, तर साडीवर तीस टक्के ऑफ होता तो काल संपला. साडीचा रंग इचारला तर म्हणे ऑफ व्हाईट. मी म्हणलो, वाहवा. टीव्ही लावला तर बॉल ऑफच्या बाहेरून चाललेला. कारखाना तर ऑफ सीझनमधी आहेच. मेमधी मला शाल-नारळ देऊन काढलं त्याचंही नाव सेंडऑफ. तू पाहिजे होता तिथं. ऑफिसातली माणसं इतकी वर्षं काम कामून करत न्हाईत तेही मला उमगलं, नावातच आहे ना.

मी पायलला म्हणलो, पोरी, हा शब्द आहे का भूत? तिनं मोबाईलमधी डिक्शनरी काढली. बोटानं वर सरकवून राह्यली, सरकवून राह्यली, शब्द एकच अन् अर्थ संपंनात. बंद. दूर. सुट्टी. सूट. नासलेलं दूध. मी चष्मा लावून तिच्या शेजारी बसलो.

मंग ती म्हणली, आजोबा, हे बघा, अलार्म ऑफ म्हणजे काय? मी म्हणलो, बंद झाला. ती म्हणली, बंद पण, अन् 'अलार्म गोज ऑफ' म्हटलं तर वाजला.

मी म्हणलो, परत वाच. तिनं परत वाचलं. वाजला. बॉम्ब फुटला तरी ऑफ, विमान उडालं तरी ऑफ. मला खोटं वाटलं. मी हयातभर त्या शब्दासमोर खुर्ची टाकून बसलो, बदरोद्दीन. लाल बटण, पांढरी अक्षरं. जेवताना समोर, झोपेतही समोर. अन् मला त्याचा एकच अर्थ माहीत होता.

अजून ऐक. त्यांच्यात कुणी घरातून निघालं की म्हणतात, आय ॲम ऑफ. म्हंजे, निघालो बरं का.

मी उठून गेटपाशी गेलो अन् तुझ्या पाटीसमोर उभा राह्यलो. दोन अक्षरं, आ अन् फ. तीत भाभीची खिचडी आहे, तिचं जाणं आहे, आपलं तुटणं आहे, अन् निघालो बरं का तेही आहे. एवढ्याशा पत्र्यात एवढं मावतं कसं? देवळात गाभाऱ्यासमोर होतं तसं झालं मला. हात जोडले न्हाईत, पण जोडावेसे वाटले. शेजारचे बघत होते म्हणून राह्यलं.

मंग भाभी बंद झाली असं तरी कामून म्हणायचं? निघाली म्हणू. अन् आपल्यात निघताना कुणी जातो म्हणत न्हाई, येतो म्हणतात. तुळजाला हे सांगितलं तर ती पदर डोळ्याला लावून आत गेली.

तुला पटवायला लिहीत न्हाई हे. तुला न सांगता माझ्याजवळ ठेवता येईना, म्हणून लिहिलं.

काकासाहेब


अंकुशनगर, ९ नोव्हेंबर

बदरोद्दीन,

परवा तू आलास. आलास अन् पाणीही न घेता गेलास. तू मला तमाशेवाला म्हणला. आधी ऐक.

मी अन् तुळजा सकाळीच जांब समर्थला दर्शनाला गेल्तो. पोरगा-सून पायलला घेऊन सोयरिकीत गेलेले. घराला कुलूप. माझ्या मोबाईलची बॅटरी खलास, म्हणून फोन स्विच ऑफ. समोर हरिओम म्हणून नवा भाडेकरू आलाय, कारखान्यातच आहे, पण त्याला आपलं काही ठावं न्हाई. त्यानं बघितलं, दाराला कुलूप, फोन लागंना, अन् गेटवर नाव, नावाखाली आफ. त्यानं फोटो काढला अन् कारखान्याच्या ग्रुपवर टाकला, तू बी आहे त्यात. खाली लिहिलं, काकासाहेब तौर ऑफ. पुढचं काम ग्रुपनं केलं. भावपूर्ण श्रद्धांजली, हात जोडलेले, फुलं. कचरूनं लिहिलं, कडक माणूस पण मनानं राजा. याच कचरूनं मला सगळी नोकरी खडूस म्हणलं. मी ते सगळं वाचलं, बसून, दोनदा. स्वतःचं मरण वाचायला बसलं की उठवत न्हाई, सांगतो तुला.

म्हंजे यात माझा डाव काही न्हाई. तुझी पाटी, तुझा शब्द, अन् लोकांची घाई.

आम्ही रिक्षातून उतरलो तेव्हा तू गेटच्या पायरीवर बसलेला. टोपी मांडीवर. दाढी पार पांढरी झाली रे तुझी. राधेश्याम किराणावाला हार घेऊन उभा, त्याला मला बघून काय करावं सुचंना. तुळजा त्याच्यावर खेकसली, तो हार तिकडं म्हशीला घाला. तू मान वर केली. मी नारळ हातात घेऊन उभा. तू माझ्याकडं असं बघितलं, की मला वाटलं मीच मेलोय अन् हे मला दिसून राह्यलंय. "जिंदा है तू," तू म्हणला. तेवढंच हळू. मंग एकदम भडकला, तमाशा लगाया, रोने को बुलाया, अन् आमच्याच रिक्षात बसून गेलास. माझा गुडघा असा, मी पळू शकलो न्हाई. हाक मारली. तू वळला न्हाई.

मी आत येऊन पडलो. म्हणलो, संपलं. एवढ्यावर आलेला माणूस या शब्दानं परत घालवला. त्या दिवशी मला तो शब्द नकोसा झाला.

काल सकाळी दूध घ्यायला गेटपाशी गेलो, अन् बघतो तर पाटी न्हाई. तिच्या जागी गेटचा मूळचा निळा रंग, चौकोनी, नवाकोरा. बाकी सगळं गेट उन्हानं विटलेलं.

मी राधेश्यामला जाऊन गाठलं. तो म्हणला, चाचा आले ते थेट गेटपाशी. आधी तार सोडायला लागले. तार गंजलेली, बोटाला लागलं, रक्त आलं, पण मला हात लावू दिला न्हाई. पाटी काढली, सदऱ्याच्या आत छातीशी धरली अन् बसले. मी इचारलं, चाचा, हे काय? तर म्हणले, "ये लगा के नहीं जाने देता उसको."

बदरोद्दीन, हे ऐकून मी त्याच्या दुकानात साखरेच्या पोत्यावर बसून रडलो. गिऱ्हाईक होतं, तरी रडलो.

आता माझं म्हणणं एवढंच. तू ती मेलेल्या काकासाहेबासाठी काढली, मला ठावं आहे. जिवंतासाठी काढली असती का न्हाई, ते मी इचारत न्हाई. परत लावायची असली तर गेटला भोकं आहेतच, ये अन् लाव. पण नियम तुझाच आहे. पाटी काढली की आवाज द्यायचा असतो. तू काढली अन् आवाज न देता गेला. मी इथं बटणापाशी हात घेऊन उभा आहे. तुझा आवाज ऐकल्याशिवाय मी कधी मिल चालू केली न्हाई, आताही करणार न्हाई.

काकासाहेब


मस्तगड, जालना, १६ नोव्हेंबर

काकासाहेब आजोबांना सलाम.

मी अलमास, फरहानाची मुलगी. नानांचा हात कापतो म्हणून मी लिहिते आहे. ते सांगतात तसंच लिहायचं, सुधारायचं नाही, असा हुकूम आहे.

काकासाहेब, चारही पत्रं वाचली. एकबी फाडली न्हाई.

तुझी बरणी मी उचलली होती. दफन करून दुसऱ्या दिवशी घरी कपडे घ्यायला आलो, तर पायरीवर बरणी. तवाच मेरेकू समझा, तू सच्ची में जेवायला आल्ता. दिल से बरं झालं बोलनेवाला आदमी लोणचं लेके नहीं आता. सब समझा होता. फिर भी जियारतला तुझ्या तोंडावर दार लावलं. क्या करता? गुस्सा कुणावर तरी करायचा होता. मेहरुन्निसावर कसा करणार, ती तर कधी सांगून बी गेली न्हाई. अल्लावर करायची हिंमत न्हाई. मंग तू राहिला.

पण पाटीचं तू गलत समझा. तुळजाभाभी बी गलत समझी. सगळ्यांनी तेच समझा, की मैंने रिश्ता बंद किया. अरे येड्या, इतकी वर्षं मी ती पाटी कवा लावत होतो? आत उतरायच्या आधी. मी आत उतरत होतो, काकासाहेब. ती गेल्यावर मी कुठं जाऊन राह्यलो, कवा निघेन, निघेन का न्हाई, मलाच ठावं नव्हतं. आत उतरताना पाटी ज्याच्या हाताखाली बटण आहे त्याच्याकडंच लावायची असते. दुसऱ्या कुणाच्या दाराला लावली असती, तर आठ दिवसांत भंगारात गेली असती. तूच एक असा आहे, जो बायकोचं ऐकणार न्हाई, लोकांचं ऐकणार न्हाई, पण पाटीला हात लावणार न्हाई. म्हणून तुझ्याकडं लावली.

त्या दिवशी तुला जिवंत बघितलं अन् मेरेकू खुद की शरम आई. मैं अंदर बैठा रहा, अन् तू बाहेर मरून बी गेला असता. म्हणून चिडलो. तुझ्यावर न्हाई.

तुझं ते अलार्मचं मी अलमासकडून तीनदा वाचून घेतलं. मेहरुन्निसाला सांगायला पाहिजे होतं. ती खूप हसली असती. मग तिनं म्हणलं असतं, काकासाहेबला बोलव, खट्टा आहे.

लोणचं अजून आहे. कुणालाच हात लावू दिला न्हाई. घेऊन येतो.

आजोबा, हे पत्र पोस्टात टाकायचं होतं. पण नाना म्हणाले, पोस्ट कशाला, आपणच जाऊ. म्हणून या ओळी तुमच्या दारात पोचल्यावर लिहिल्यात, आणि हे तुमच्या हातात मीच देते आहे. नाना गेटपाशी रिक्षात बसलेत, पाटी मांडीवर आहे. शेवटचा शब्द त्यांनी माझ्या हातातून पेन घेऊन स्वतः लिहिला.

बाहर